वस्त्रं आणि वस्त्रं राखणारे

(जुना जालना येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मित्रहो, तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने कपड्यांवर काय बोलायचं, अशी शंका विषय वाचून आपल्यापैकी काहींना आली असेल. शंका रास्त आहे. आपल्याला कपड्यांच्या मागचा माणूस पाहायचा आहे. अंगावर घालणारा नव्हे, तर ते घडी करून ठेवणारा, वेळेवर बाहेर काढणारा, आणि कधीकधी मुद्दाम बाहेर न काढणारा.

सुरुवात एका आडनावापासून करू. जामदार हे आडनाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. जामा म्हणजे वस्त्र आणि दार म्हणजे बाळगणारा, राखणारा. दोन्ही शब्द फारसी. (जमादार वेगळा. त्याचा संबंध जमावाशी. लोक दोघांची गल्लत करतात.) मराठी राज्यात बारा महाल आणि अठरा कारखाने होते, त्यांतला एक कारखाना म्हणजे जामदारखाना. कापडाची ठाणं, शिवलेले पोशाख, शेले, किनखाब, पुढे पुढे दागदागिने आणि मौल्यवान चीजवस्तूही त्यात. पैठण आपल्यापासून फार लांब नाही. तिथल्या मागांवरून पेशव्यांनी वस्त्रं मागवल्याची पत्रं आहेत. हा सगळा माल ज्याच्या ताब्यात तो जामदार. तुळजापूरला भवानीच्या मंदिरात देवीच्या ठेव्याची जी जागा आहे तिला आजही जामदारखानाच म्हणतात. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी हा शब्द काही हलला नाही.

आता गंमत अशी की नेमक्या याच अर्थाचं पद हिब्रू बायबलमध्ये आहे. 'शोमेर हब्गादीम', म्हणजे वस्त्रांचा राखणदार. बायबलचा दाखला जालन्यात कुणाला परका वाटायचं कारण नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात इथून जवळच जी वस्ती वसवली तिला त्यांनी बेथेल हे नाव दिलं. हिब्रूत त्याचा अर्थ देवाचं घर. तेव्हा प्राचीन इस्राएलचं बोट धरून आपण थोडं चालू आणि मग आपल्या घरी, पुण्या-साताऱ्याला आणि पंढरपूरला येऊ.

यहूदाच्या राज्यात योशीया नावाचा राजा होता. त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२२ च्या सुमारास, यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया या मुख्य याजकाला नियमशास्त्राचा एक ग्रंथ सापडला. राजाला तो वाचून दाखवला गेला आणि ऐकता ऐकता राजाने आपली वस्त्रं फाडली. आपलं आजवरचं वागणं या ग्रंथाच्या विरुद्ध होतं, हे त्याला कळलं. पण ग्रंथ खरा कशावरून? ते विचारायला राजाने पाच मोठी माणसं पाठवली, त्यांत स्वतः मुख्य याजक. ती गेली कुणाकडे? यिर्मया संदेष्टा त्याच काळातला, त्याच्याकडे नाही. ती गेली हुल्दा नावाच्या एका स्त्रीकडे. तिची ओळख ग्रंथकार कशी देतो? शल्लूम या वस्त्रांच्या राखणदाराची बायको. शल्लूमचा बाप कोण, आजा कोण, हेही तो सांगतो, आणि ती यरुशलेमच्या कोणत्या भागात राहते हेसुद्धा. म्हणजे हे पद पिढ्यांची नोंद ठेवण्याइतकं मानाचं होतं. ही वस्त्रं राजवाड्याची की मंदिराची, यावर अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. आम्हाला त्या वादापेक्षा एवढंच महत्त्वाचं वाटतं की राज्यातल्या सगळ्यात मोठ्या धार्मिक निर्णयाचा रस्ता जामदाराच्या दारावरून गेला.

त्याच ग्रंथात आणखी एक जामदार आहे, आणि ती गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. येहू नावाच्या राजाला बआल देवाचे उपासक संपवायचे होते. त्याने मोठ्या यज्ञाचं निमंत्रण दिलं, सगळे उपासक मंदिरात जमले, आणि त्याने वस्त्रागारावरच्या माणसाला हुकूम सोडला की सगळ्यांना वस्त्रं काढून दे. सगळ्यांनी ती घातली. मग कोण कुठला हे ओळखायला वेळ लागला नाही. बाहेर माणसं उभीच होती. त्यांनी आत शिरून सगळ्यांना कापून काढलं. राखणदाराने काय केलं? हुकूम मिळाला, कपाट उघडलं. बस, एवढंच.

या दोन गोष्टींच्या मध्ये आपला विषय आहे. पण आधी एक मूळचा प्रश्न. राजाचं किंवा याजकाचं वस्त्र हे नेमकं काय असतं? अलंकार? खूण? आमचं म्हणणं असं की वस्त्र हे प्रत्यक्ष पदच असतं, शरीरापासून सुटं करून ठेवता येईल असं पद.

हे नीट कळायला अहरोनाचा शेवट पाहा. अहरोन हा इस्राएलांचा पहिला मुख्य याजक. त्याच्यासाठी करवलेल्या वस्त्रांचं वर्णन निर्गमाच्या पुस्तकात पानंच्या पानं आहे: उरपटावर बारा वंशांची नावं कोरलेली बारा रत्नं, झग्याच्या घेराला सोन्याच्या घुंगरा आणि डाळिंबं. अहरोनाची मरणाची वेळ आली तेव्हा मोशे त्याला आणि त्याचा मुलगा एलाजार याला घेऊन होर डोंगरावर चढला. तिथे अहरोनाच्या अंगावरची वस्त्रं काढून एलाजाराच्या अंगावर घातली. मग अहरोन मेला. क्रम लक्षात घ्या. आधी वस्त्रं उतरली, मग प्राण गेला. याजकपद एक क्षणही रिकामं राहिलं नाही, आणि मेलेल्याच्या अंगावरही राहिलं नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली उपमा आपल्याला पाठ आहे: माणूस जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो तसा देही जुनी शरीरं टाकून नवी घेतो. तिथे घालणारा कायमचा आणि वस्त्रं बदलती. राज्यसंस्थेने आणि धर्मसंस्थेने ही उपमा उलटी केली. इथे वस्त्र कायमचं आणि घालणारे बदलते. माणूस आला, माणूस गेला, पद उरलं. हे पद दोन माणसांच्या मधल्या काळात कुठे असतं? कपाटात असतं. आणि कपाटाची किल्ली कुणाच्या तरी कमरेला असते.

आता घरी येऊ. 'पेशवाईची वस्त्रं' हा शब्दप्रयोग आपण शाळेपासून ऐकत आलो. पेशव्याला पद मिळालं असं कुणी लिहीत नाही, वस्त्रं मिळाली असं लिहितात. बाळाजी विश्वनाथाला ती १७१३ मध्ये शाहू छत्रपतींकडून मिळाली, बाजीरावाला १७२० मध्ये. पद वंशपरंपरागत झालं हे खरं, तरी प्रत्येक पिढीला वस्त्रं नव्याने घ्यावी लागत. बाप पेशवा होता म्हणून मुलगा आपोआप पेशवा होत नसे. मध्ये साताऱ्याहून शेला, तिवट, किनखाब, जामेवार यावं लागे.

ही पद्धत मोगलांच्या दरबारातूनही आपल्याला माहीत होती. खिलत हा मूळ अरबी शब्द 'अंगावरून उतरवणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. देणाऱ्याने आपल्या अंगावरचं काढून दुसऱ्याला घालणं, ही त्यामागची कल्पना. बायबलमध्ये योनाथान हा राजपुत्र आपला झगा उतरवून दावीदाला देतो, तोही हाच प्रकार. घेणारा त्या क्षणी देणाऱ्याच्या शरीराचा एक भाग होतो म्हणा ना. म्हणूनच १२ मे १६६६ ला आग्र्याच्या दरबारात काय घडलं त्याला एवढा अर्थ आहे. शहाजाद्यांना, वजिराला, जसवंतसिंगाला खिलती मिळाल्या, शिवाजी महाराजांना नाही. महाराज संतापले. मग त्यांची समजूत घालायला बादशहाकडून खिलत देऊ केली गेली, तेव्हा ती अंगावर घालायचं त्यांनी साफ नाकारलं. आमेरच्या माणसांनी तेव्हा आग्र्याहून लिहिलेल्या पत्रांत हा सगळा प्रसंग आहे. अपमान न मिळाल्याचा होता, आणि मग नाकारणं हे त्याचं उत्तर होतं. आठ वर्षांनी, १६७४ मध्ये, रायगडावर महाराज छत्रपती झाले. त्या दिवसापासून वस्त्रं देणारा हात आपला झाला.

पण देणारा हात मोकळा राहिला का? इथे खरी गोष्ट सुरू होते.

शाहू १७४९ मध्ये वारले. त्यांच्या मागून आलेल्या रामराजांना ताराबाईंनी १७५० च्या अखेरीस सातारच्या किल्ल्यात अटकेत टाकलं. पुढे छत्रपती हे साताऱ्याला जवळजवळ नजरकैदेतच राहिले. आधी ताराबाईंच्या, मग पुण्याच्या. आणि याच छत्रपतींकडून प्रत्येक पेशव्याने वस्त्रं घेतली! पुण्याचा हुकूम अटकेपार चालत होता, पण वस्त्रं साताऱ्याहूनच यायला हवीत. आमच्या एका विद्यार्थ्याने एकदा वर्गात विचारलं होतं, सर, मग हे नाटकच ना? आम्ही म्हटलं, नाटक असेल, पण त्या नाटकाशिवाय पडदा वर जात नव्हता, हे कसं विसरायचं?

१७७३-७४ या एका वर्षात काय झालं ते पाहा. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्याचा शनिवारवाड्यात खून झाला. त्या खुनाचा डाग ज्या काकांवर होता त्या रघुनाथरावांनी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं मिळवली. वस्त्रं आली, म्हणजे ते पेशवे झाले. पण नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी तिला पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला. त्याच छत्रपतींकडून पुन्हा वस्त्रं आणली गेली आणि मूल चाळीस दिवसांचं असताना ती त्याला दिली गेली. तो सवाई माधवराव.

ज्याला मान धरता येत नाही तो पेशवा. शेला आणि तिवट यांना शिंपी लागत नाही, मापही लागत नाही, ही त्यातल्या त्यात सोय! पण विचार करा, वस्त्रानेच पद मिळतं हे तत्त्व याहून स्पष्ट कुठे दिसणार? त्या बाळाजवळ वय नाही, पराक्रम नाही, वाचा नाही. फक्त वस्त्रं आहेत. आणि साताऱ्याच्या त्या रामराजांजवळ तरी काय होतं? एका वर्षात दोन परस्परविरुद्ध माणसांना त्यांनी तीच वस्त्रं दिली, कारण ज्याचं बळ तो मागायला आला. ज्याच्या नावाने वस्त्रं निघत, तो त्या वस्त्रांचा नुसता राखणदार उरला. छत्रपतींचा जामदार झाला, असं आम्ही म्हटलं तर आपण रागावू नका. वस्तुस्थिती तशी होती, आणि ती तशी का झाली याचं उत्तर वस्त्रांत नाही, किल्ल्याच्या पहाऱ्यात आहे.

वस्त्रं आणि किल्ला म्हटलं की आम्हाला यरुशलेमचा अँटोनिया किल्ला आठवतो. हा किल्ला मंदिराला लागूनच होता. मुख्य याजकाची सणाला घालायची वस्त्रं तिथे ठेवत. आधी यहुदी राजे ठेवत, मग हेरोद, आणि हेरोदाच्या घराण्यानंतर रोमन अधिकारी. योसेफस या इतिहासकाराने सगळी व्यवस्था लिहून ठेवली आहे. दगडी खोली, तिच्यावर याजकांची आणि मंदिराच्या खजिनदारांची मोहर, किल्लेदार रोज तिथे दिवा लावणार. सणाच्या सात दिवस आधी वस्त्रं बाहेर काढायची, सण झाला की परत आत. म्हणजे वर्षातले मोजके दिवस सोडले तर यहुद्यांचं सर्वोच्च धर्मपद रोमन शिपायांच्या पहाऱ्यात! वस्त्रं दिली नाहीत तर सण नाही, आणि बंड करायचा विचार असेल तर सणाआधी दहा वेळा विचार करा. इ.स. ३६-३७ च्या सुमारास व्हिटेलियस या रोमन सुभेदाराने ती वस्त्रं याजकांच्या ताब्यात दिली. काही वर्षांनी दुसऱ्या अधिकाऱ्याने ती परत मागितली, तेव्हा यहुद्यांचं शिष्टमंडळ थेट रोमला गेलं आणि क्लॉडियस बादशहाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कपड्यांच्या एका जोडासाठी माणसं समुद्र ओलांडून बादशहाकडे गेली. त्यांना ते कळत होतं.

पुण्याच्या मंडळींनाही कळत होतं. १७९२ मध्ये महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून सवाई माधवरावांसाठी वकील-इ-मुतलकपदाची वस्त्रं घेऊन पुण्याला आले, तेव्हा नाना फडणिसांनी हरकत घेतली: आपला धनी सातारा, मग दिल्लीची खिलत पेशव्याने कशी घ्यायची? शेवटी छत्रपतींची परवानगी घेतल्यावरच समारंभ झाला. नऊ वस्त्रं, पाच रत्नं, ढाल-तलवार, कलमदान, मोरचेलं, असा थाट ग्रँट डफने वर्णिला आहे. म्हणजे अंगावर आता दोन धन्यांची वस्त्रं. आणि दोन्ही धनी, एक दिल्लीत एक साताऱ्यात, जवळजवळ बंदीच.

महादजींचं नाव निघालं तर एक सांगून टाकतो. आपल्या जुन्या जालन्यातलं आनंदी स्वामींचं मंदिर महादजींनी बांधलं असं मानलं जातं. आषाढी एकादशीला तिथे जत्रा भरते. हेच महादजी त्या वेळी पेशव्याला भेटायला गेले तेव्हा हत्तीवरून उतरले, सगळ्या सरदारांच्या खाली जाऊन उभे राहिले, आणि काखेतल्या गाठोड्यातून त्यांनी नवे जोडे काढले. पेशव्याच्या पायाशी ते ठेवून म्हणाले की माझ्या बापाचं काम हे, तेच माझंही. वडील राणोजी शिंदे पेशव्यांचे जोडे सांभाळत असत, ही गोष्ट त्यामागे आहे. उत्तर हिंदुस्थानचा खरा मालक तो! मुत्सद्देगिरी म्हणा, नाटकीपणा म्हणा. इतिहासकार तसं म्हणतातही. पण जोडे राखणाऱ्याच्या हाती एवढी ताकद का, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. राखणारा खाली बसतो, पण आतल्या दालनात बसतो. मोठे मोठे सरदार बाहेर ताटकळतात, जोडे घेऊन बसलेला आत असतो.

राखणदारीचं असंच आहे. ती सेवा म्हणून सुरू होते, पिढ्या जातात, सेवा हक्क होते, हक्काचं वतन होतं, आणि मग मालक कोण हे विचारायलाही लोक कचरतात. याचा आपल्या डोळ्यांसमोर घडलेला दाखला म्हणजे पंढरपूर.

विठ्ठलाच्या नित्योपचारांत रोज दुपारनंतर पोशाख असतो. मुख धुऊन नवी वस्त्रं, अलंकार. या सेवेभोवती एक अख्खी संस्था उभी होती. बडवे सगळ्या व्यवस्थेवर. त्यांच्याखेरीज सात सेवाधारी: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे. कोणी मंत्र म्हणायचे, कोणी स्नानाचं पाणी आणायचं, कोणी गायचं, कोणी मशाल धरायची, कोणी चोबदारी करायची. डिंगरे पोशाख झाल्यावर देवाला आरसा दाखवायचे आणि रात्री सिंहासनापासून शेजघरापर्यंत पायघडी अंथरायचे. देव चालत निजायला जातो, म्हणून. आम्हाला ही कल्पना फार हृद्य वाटते. यरुशलेमच्या मंदिरातही अशीच वाटणी होती. मिश्नामध्ये मंदिराच्या कारभाऱ्यांची यादी आहे, तिच्यात वस्त्रांवरचा माणूस म्हणून पिनहास हे नाव येतं आणि त्याची स्वतंत्र खोली होती.

पण पंढरपुरात सेवेचं उत्पन्न झालं, उत्पन्नाचे वाटे झाले, वाट्यांचे तंटे झाले. वारकरी बाहेर उन्हात उभे आणि आत हक्कांची भांडणं. शासनाने चौकशी आयोग नेमला, १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला, वंशपरंपरागत हक्क रद्द ठरले. मग पुढची चाळीस वर्षं कोर्टात. १५ जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचं म्हणणं फेटाळलं. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजेसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले.

आम्हाला हा निकाल योग्य वाटतो, आणि तो फार उशिरा लागला असंही वाटतं. देवाचा पीतांबर कुणाच्या बापाचा नाही. मात्र एक गोष्ट त्या वादात कुणी फारशी बोललं नाही. पीतांबर नेसवायचा कसा, शेला कुठे खोचायचा, कोणत्या सणाला कोणतं वस्त्र, रेशमाची घडी कशी मोडू द्यायची नाही, ही हातातली विद्या असते. ती कागदावर नसते. हक्क रद्द करता येतो, पण विद्या हस्तांतरित करावी लागते. अहरोनाच्या अंगावरून एलाजाराच्या अंगावर, तशी समोरासमोर. वंशाने आलेला अधिकार संपवताना वंशाने आलेलं ज्ञान कुठे ठेवायचं, याची व्यवस्था कायद्यात नसते. ती आपल्याला करायला लागते.

आणि आता शेवटचा मुद्दा, जो आम्हाला सगळ्यात जास्त टोचतो. वस्त्रं राखणारे म्हणून आपण कुणाकुणाची नावं घेतली? जामदार, सेवाधारी, शल्लूम, पिनहास. वस्त्र धुणारा कुठे गेला?

आपल्या गावगाड्यात बारा बलुत्यांत परीट आहे. बहुतेक याद्यांत मधल्या ओळीत, कुंभार, चांभार आणि न्हावी यांच्यासोबत. साऱ्या गावाचे कपडे त्याच्या हातून जातात. बाळंतिणीचे, सुतकाचेही. मराठी भाषेने त्याच्या कसबाला दादही दिली. कडक, घडी न मोडलेल्या कपड्याला आपण अजून परीटघडी म्हणतो. पण सोवळ्याचा नियम असा की परटाने धुतलेलं वस्त्र पूजेला चालत नाही. सोवळं हा शब्द पाहा: तो वस्त्राचंही नाव आहे आणि शुद्धीच्या अवस्थेचंही. आणि ज्याचा धंदाच कापड शुद्ध करण्याचा, त्याच्या हाताने मात्र ते शुद्ध होत नाही! तर्कशास्त्राच्या वर्गात हे विधान आम्ही फळ्यावर लिहून ठेवलं असतं. जामदाराला आडनाव मिळालं, मान मिळाला. परटाला सुगीला खळ्यावरचं बलुतं. दोघांचंही काम वस्त्राची निगा राखण्याचं. एकाच्या हातात किल्ली होती, दुसऱ्याच्या हातात मळ होता, एवढाच फरक.

याच समाजात १८७६ मध्ये डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. त्यांना आपण गाडगेबाबा म्हणतो. त्यांनी चिंध्या जोडून अंगात घातल्या आणि हातात खराटा घेतला. आपल्या विषयाच्या भाषेत सांगायचं तर कोणत्याही जामदारखान्यातून न निघालेलं ते वस्त्र. ते कुणी दिलं नाही आणि कुणाला काढूनही घेता आलं नसतं. पंढरपुरात त्यांनी वारकऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, देवळाच्या बाहेर.

आणि पंढरीच्या वाटेवर काटेवाडी लागते, बारामतीच्या पुढे. तुकोबांची पालखी तिथे येते तेव्हा परीट समाजाची मंडळी रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या घालतात. मंदिरात डिंगरे जी पायघडी अंथरत, तीच ही. ती शेजघराच्या वाटेवर रात्री, मोजक्या लोकांच्या देखत, आणि ही भर रस्त्यात, धुतलेल्या पांढऱ्या धोतरांची, ज्यांनी धुतली त्यांच्याच हातांनी. पालखी त्यांच्यावरून पुढे जाते.

इथे थांबू. पुढच्या व्याख्यानात किल्ल्या आणि कुलपं घेणार आहोत. कोठी, अंबारखाना, गावच्या पांढरीची कागदपत्रं. आज प्रश्न असतील तर विचारा, अजून थोडा वेळ आहे.